दारावरचें नांव

घर नसलेल्या माणसाला प्रथम काय द्यावें? जेवण, पांघरूण, औषध, काम, उपदेश, अशी यादी कोणीहि सांगेल. घर त्या यादींत बहुधा अखेरीस येतें, आणि तेंहि बक्षीस म्हणून. दारू सुटली, औषध नियमित चालू झालें, वागणूक सुधारली, कीं मग खोली. फिनलंड देशानें ही यादी उलटी करून पाहिली.

हेलसिंकी या तेथील राजधानींत हिवाळ्यांत पारा कधीं कधीं शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. तेथें उघड्यावर निजणें म्हणजे प्राणाशीं खेळ. तरीहि १९८७ सालीं त्या देशांत बेघरांची संख्या १८,००० हून अधिक भरली होती. (नातलगांकडे वा मित्रांकडे नाइलाजानें पथारी टाकणारेहि तेथील मोजदादींत धरले जातात, हें ध्यानांत ठेवावें.) १९८५ त स्थापन झालेली 'वाय फाउंडेशन' ही संस्था साध्या इमारतींतून सुट्या सदनिका विकत घेऊन त्या भाड्यानें देऊं लागली, सरकारनेंहि घरें बांधलीं, आणि संख्या पुष्कळच उतरली. परंतु एक गट जागचा हलेना. मनोविकार, व्यसन, तुरुंगवास यांनीं पोखरलेलीं हीं माणसें रात्रनिवारा, इस्पितळ आणि रस्ता यांच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षें अडकलीं होतीं. त्यांच्यासाठीं जिन्याची रीत होती: एकेक पायरी चढावी, शेवटच्या पायरीवर घर. पाय घसरला कीं पुन्हा तळाशीं. ज्याला रात्रीं डोकें टेकण्याची शाश्वती नाहीं, त्यानें आधीं दारू सोडून दाखवावी ही अपेक्षाच मुळीं अजब होती.

२००७ सालीं चौघांची एक समिती नेमली गेली. हेलसिंकीचे बिशप, एक डॉक्टर, शहराच्या समाजसेवा खात्याचे प्रमुख आणि वाय फाउंडेशनचे चालक असे ते चौघे. त्यांच्या अहवालाचें नांवच 'दारावर नांव' असें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रथम घर द्यावें, तेंहि रीतसर भाडेकराराचें आणि स्वतःच्या किल्लीचें. उपचार व व्यसनमुक्ति यांची गोष्ट त्यानंतर, आणि राजीखुषीनें. २००८ पासून सरकार व दहा शहरें यांनीं मिळून हें धोरण अमलांत आणलें.

मुक्तिफौजेचें हेलसिंकींत एक जुनें वसतिगृह होतें, सुमारें २५० बिछान्यांचें. तें पाडलें नाहीं; आंतून बदलून २०१२ त त्याचीं सुमारें ८० स्वतंत्र बिऱ्हाडें केलीं. प्रत्येकाला स्वतःचें न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा आणि आंतून कडी लावतां येईल असें दार. अनेकांच्या एकत्र निजण्याच्या दालनांत आयुष्य काढलेल्यालाच त्या कडीचें मोल कळावें. इमारतींत कर्मचारी अहोरात्र असतात. अशा कांहीं इमारतींतील रहिवासी व कर्मचारी मिळून आसपासची साफसफाईहि करतात. शेजाऱ्यांचा विरोध त्यामुळें बराच निवळतो. हेलसिंकींत १९८५ सालीं तात्पुरत्या निवाऱ्यांचे २,१२१ बिछाने होते. २०१६ त ५२ उरले.

श्रोत्यांच्या मनांत येथें शंका येईल: दारुड्याला फुकट घर द्यावयाचें काय? तें फुकट नसतें. रहिवाशानें आपल्या उत्पन्नांतून व सरकारी घरभाडे-साहाय्यांतून भाडें भरावयाचें असतें. उलट माणूस रस्त्यावर ठेवणेंच महाग पडतें. रुग्णवाहिका, पोलीस, तुरुंग, इस्पितळ यांचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. अर्थात् सगळेच सुधारले असें नव्हे. दार लावून पिणारे आहेत, घर गमावणारेहि आहेत. दीर्घकालीन बेघरपणा २०११ पर्यंत निम्मा करण्याचा संकल्पहि पुरा झाला नाहीं. घट चौथ्या हिश्शाहून थोडीशीच अधिक झाली. पुढें काम चालूच राहिलें, आणि २०२३ त एकूण बेघरांची संख्या ३,४२९ पर्यंत आली. मग सरकारनें घरभाडे-साहाय्यांत कपात केली. २०२४ च्या नोव्हेंबरांतील मोजणींत ती ३,८०६ भरली. कित्येक वर्षांनंतरची ही पहिली वाढ.

हें सारें थंड आणि धनिक देशाला शोभतें, असें म्हणून आपल्याला मोकळें होतां येत नाहीं. आपल्या मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यांत १९ वें कलम आहे. केवळ कुटुंब नाहीं, घर नाहीं वा समाजांत राहण्याची सोय नाहीं एवढ्यासाठीं कोणालाहि मनोरुग्णालयांत ठेवून घेऊं नये, असें तें सांगतें. सोय कोणी करावी? सरकारनें, असेंहि त्यांत लिहिलें आहे. कायद्याच्या आधींच, २०१५ त, चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेनें तो मार्ग धरला होता. मनोरुग्णालयांत वा आश्रमांत दीर्घकाळ राहिलेल्या चार-पांच जणी साध्या वस्तींत भाड्याच्या घरांत एकत्र राहतात; सोबतीला एक मदतनीस बाई असते. कोणाबरोबर राहावयाचें हें त्या स्वतः ठरवितात. बाजारहाट त्यांचीच, आणि आज स्वयंपाक काय करावा यावरून होणारे वादहि त्यांचेच.