दगडाची धूळ आणि टीबीचं कार्ड
(मेळाव्यातलं भाषण)



नर्मदेपलीकडं आलिराजपूर, झाबुआ, धारकडची आपली भिल-भिलाला माणसं गुजरातमध्ये गोध्रा, बालासिनोरला मजुरीला जातात. तिथं पांढऱ्या गारगोटीचा दगड दळतात. ती पूड काचेच्या कारखान्यांना जाते. दळताना, गोणी भरताना बारीक धूळ उडते, ती छातीत जाऊन बसते, परत निघत नाही. दम लागतो, माणूस वाळत जातो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. थोडेच महिने काम केलेली तरणी पोरंही गेली.

दवाखान्यात टीबीचं कार्ड देतात. अशा छातीला टीबीही लवकर धरतो, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. पण कागदावर नुसता टीबी लिहिला की मालक सुटतो. सिलिकोसिस लिहिला तर कायद्यानं भरपाई मागता येते. कायद्यानं डॉक्टरनं हा रोग सरकारी अधिकाऱ्याला कळवलाच पाहिजे.

मालक म्हणतो, हा माझा मजूरच नाही. हजेरीत नाव नाही, पावती नाही. म्हणून आपण गावात वही ठेवू. कोण गेला, कुठल्या कारखान्यात, मुकादम कोण, किती महिने, सगळं लिहू. डॉक्टरला आधी काम सांगू, मग खोकला.

आणि नेवाडाची जमीन आपल्या नावावर असती, तिच्यावर पोट भरलं असतं, तर धूळ खायला कोण गेलं असतं? जमिनीचा दावा सोडायचा नाही!