फिरतें घर

परभणीच्या वैशाखांत घरानें मावळत्या उन्हाकडे पाठ फिरवावी, असें कोणास वाटणार नाहीं? घर फिरविणें अशक्य नव्हे. जात्याचा वरचा दगड फिरतो, खालचा स्थिर राहतो, तसेंच हें. ब्राझीलमधील कुरितिबा येथें २००१ सालीं मजल्यागणिक एक अशीं ११ फिरतीं घरें बांधलीं. परंतु नळ व मोऱ्या मधल्या अचल गाभ्यांतच ठेवल्या. फिरत्या मोरीचें सांडपाणी स्थिर नळांत न गळतां सोडणें, हीच खरी अडचण! दुबईंत २००८ सालीं योजिलेला ८० मजली फिरता मनोरा अद्याप उभारलेला नाहीं. आपल्या वाड्यांत घर नव्हे, माणसें फिरत: दुपारीं माजघरांत, रात्रीं माळवदावर. यंत्राचें कौतुक अवश्य करावें. मात्र घर बांधतांना आधीं दिशा आणि भिंतीची जाडी पाहावी.