जागा घेण्यापूर्वी मातीची चौकशी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरसावंद्य मानतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविणारा मनुष्य. कायदेपंडित नव्हे आणि रसायनशास्त्रज्ञही नव्हे. तथापि आजच्या विषयास हीच दोन शास्त्रे प्रथम लागतात, म्हणून हे धाडस.

आपला कर्जत-खालापूरचा मुलूख मूळचा भाताचा. खोपोलीस टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी तेथून पाताळगंगेत येऊ लागले आणि त्या बारमाही पाण्याच्या आधाराने कारखानदारी वाढली. पुढे रसायनी हे तर नावच रसायनांवरून पडले. आज आपल्यातील कोणी गोदाम घेतो, कोणी बंद पडलेली शेड, कोणी हॉटेलासाठी जागा. वडिलोपार्जित जमिनीचे किंवा निवृत्तीचे सारे पैसे त्यात ओतलेले असतात. व्यवहारापूर्वी आपण सात-बारा पाहतो, फेरफार पाहतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो. जमीन कोणाची होती हे त्यातून कळते. परंतु त्या जमिनीवर काय चालत होते, हे कोण पाहतो?

या प्रश्नाची हेळसांड किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहरात घडले. लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात एका रासायनिक कंपनीने १९४२ पासून सुमारे अकरा वर्षे टाकाऊ रसायने पुरली. १९५३ साली ती जागा शहराच्या शिक्षण मंडळाने एका डॉलरला घेतली. पुरलेल्या रसायनांची सूचना खरेदीखतातच होती! तरीही तेथे शाळा झाली, भोवती घरे उठली. १९७८ साली तेथे आणीबाणी पुकारून कुटुंबे हलवावी लागली. त्यानंतर १९८० साली तेथे असा कायदा झाला की, दूषित जागेच्या शुद्धीकरणाचा बोजा विद्यमान मालकावरही पडू शकतो. ज्याने खरेदीपूर्वी योग्य चौकशी केली असेल, त्यास पुढे संरक्षण मिळू लागले. जागेची पर्यावरणीय तपासणी हा स्वतंत्र व्यवसाय तेथे यातूनच वाढीस लागला.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. राजस्थानातील बिछरी गावी रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, ज्याने दूषित केले त्यानेच निस्तरण्याचा खर्च सोसावा. २०२५ साली केंद्र सरकारने दूषित स्थळांविषयी स्वतंत्र नियमही केले. परंतु हे ऐकून खरेदीदाराने निश्चिंत राहू नये. दूषित कोणी केले हे सिद्ध होईपर्यंत जागा अडकून पडते आणि कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानुसार, साधारण दक्षतेने खरेदीदाराच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. यातच खरेदीदाराची दक्षता गृहीत धरलेली आहे, हे ध्यानी घ्यावे.

ही तपासणी तीन पायऱ्यांची असते. पहिलीत खणणे नाही. कागद, पाहणी आणि विचारपूस एवढेच. जुने नकाशे व उपग्रहचित्रे पाहावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे मागावी, जुन्या कामगारांस व शेजाऱ्यांस विचारावे. जागेवर काळे डाग, गंजलेली पिंपे, जमिनीखालील टाकी, गवत न उगवणारा तुकडा दिसतो का, ते पाहावे. संशय आला तरच दुसरी पायरी: भोके पाडून माती व पाणी यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणे. दोष सापडलाच तर तिसरी पायरी: तो किती दूर व खोल गेला आणि निस्तरण्यास काय लागेल, याचा अंदाज.

येथे आपला भूगोल उपयोगी पडतो. आपली भूमी काळ्या पाषाणाची; पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहते. म्हणून आपल्या जागेत काही नसले तरी चढावरील शेजाऱ्याची घाण आपल्या विहिरीत येऊ शकते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, तर यंत्रभाग धुण्याची काही द्रावणे पाण्याहून जड असल्याने तळाशी जातात. तेव्हा एका उथळ नमुन्यावर विसंबू नये. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, अशा दोन्ही वेळी पाणी तपासलेले बरे.

मातीबरोबर ठिकाणही पाहावे. माथेरानभोवतीचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे आणि त्यात आपल्या दोन्ही तालुक्यांतील भाग येतो. तेथे बांधकाम व उद्योग यांवर निर्बंध आहेत. उल्हास नदीकाठी २६ जुलै २००५ च्या पुराची खूण कोठवर होती, हे गावकरी सांगतील. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर जो डोंगर कोसळला, त्याची आठवण आपल्या तालुक्यात कोणी विसरणार नाही. उताराखालची जागा स्वस्त मिळते, ती का, याचा विचार करावा.

जे आजच मालक आहेत, त्यांनाही दोन शब्द. गोदाम भाड्याने देताना भाडेकरू काय साठविणार, हे करारात लिहून घ्यावे. ताबा देताना जागेची स्थिती छायाचित्रांसह नोंदवावी, अधूनमधून फेरी मारावी आणि जागा परत घेताना पुन्हा तीच नोंद करावी. पुढे वाद उद्भवल्यास हा कागदच आपली बाजू सांगेल.

या साऱ्यास खर्च येतो, हे खरे. परंतु पहिल्या पायरीचा खर्च जागेच्या किमतीपुढे अल्प असतो. मुलीचे स्थळ पाहताना आपण सात ठिकाणी विचारतो; ज्या जागेवर तिच्या भावांचा संसार उभा राहायचा, तिची चौकशी एका ठिकाणी तरी करू नये काय? आपल्या मंडळात वकील आहेत, अभियंते आहेत, रसायनांचे जाणकार आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस बसून ज्ञातिबांधवांचे असे कागद पाहून द्यावेत, अशी माझी मंडळास नम्र सूचना आहे.