तबल्याची शाई आणि रामन
नुसतं कातडं ताणलेल्या ढोलावर थाप मारली, तर आवाज घुमतो, पण ठाम स्वर लागत नाही. त्यातली वरची कंपनं मूळ कंपनाच्या दुपटी-तिपटीत बसत नाहीत. तबला मात्र षड्जात लागतो. का? भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी याचा उलगडा १९२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडला. पुढे रामन यांनी तबल्याच्या पुडीवर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, बारीक वाळू भुरभुरून कंपनांच्या आकृत्याच दाखवल्या. सगळी किमया मधल्या काळ्या शाईची! लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थर देत, दगडाने घोटत ती चढवतात. त्या वजनाने वरची कंपनं, म्हणजे उपस्वर, मूळ कंपनाच्या जवळजवळ पूर्ण पटींत येतात. आपल्या कारागिरांनी हे केवळ कानांच्या भरवशावर साधलं होतं, आणि रामन यांनी त्यांना मनापासून दाद दिली.