बोलक्या चित्रांचे ओठ



कार्टूनपटातील पात्र बोलू लागले की मुले भान हरपून पाहतात. त्या बोलण्याची किल्ली आपल्या वर्णमालेतच आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात; एक चित्र दोन चौकटी ठेवल्यास १२ चित्रे पुरतात. एवढ्यात प्रत्येक अक्षराचे तोंड काढू गेल्यास चेहरा नुसता थरथरतो. म्हणून आधी आवाज मुद्रित करून कोणता उच्चार कितव्या चौकटीवर येतो हे टिपतात आणि मोजक्याच मुखाकृती योजतात. 'आ'ला तोंड उघडे, 'ई'ला ओठ ताणलेले, 'उ' आणि 'ओ'ला गोल. 'क', 'ग' कंठात उमटतात. त्यांना निराळी आकृती नको. मात्र 'प', 'ब', 'म' या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटलेच पाहिजेत. 'मामा' म्हणताना ते मिटले नाहीत, तर आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटतो.

वर्गात एक आरसा ठेवावा. मुलांनी आपापले नाव सावकाश उच्चारावे व दिसतील तसे ओठ पाटीवर काढावेत. वर्णांची उच्चारस्थाने त्यांना न घोकता कळतील. आणि आपणही एक गोष्ट ध्यानी धरू : कमी ऐकू येणारे मूल आपल्या ओठांच्या आधारे शब्द धरीत असते. फळ्याकडे तोंड करून बोलणे त्याच्यापुरते मौनच होय.