विमानातील रेडिओची खरखर



सेस्ना १७२ सारख्या लहान विमानात आवाज बिघडला की पहिला संशय रेडिओवर येतो आणि संच उगाच खोलला जातो. माझे मत असे की आधी कान द्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टीसारखा सूर चढत असेल, तर जमिनीवर असतानाच अल्टरनेटर क्षणभर बंद करावा. सूर थांबला की चोर सापडला. टकटक वाढत असेल, तर मॅग्नेटोच्या तारांचे आवरण तपासावे. हेडफोनचे जॅक विमानाच्या धातूला टेकू नयेत म्हणून फायबरचे वॉशर असतात. वस्तू दमडीची, पण ती फुटली की प्रवाहाला परतीच्या दोन वाटा मिळतात आणि गुणगुण सुरू होते.

सर्वांत घातक बिघाड मात्र मुका असतो. बोलण्याचे बटण दाबलेलेच अडकले, तर वैमानिकाला काही ऐकू येत नाही. शिवाय त्या वाहिनीवर इतरांचेही बोलणे दबते. उतरू पाहणाऱ्या दुसऱ्या विमानापर्यंत मनोऱ्याची सूचना पोचत नाही. म्हणून अचानक शांतता झाली, की प्रक्षेपणाचा दिवा पाहावा. तो पेटलेलाच असेल, तर हातातील मायक्रोफोनचा प्लग काढावा. तरीही संपर्क जमला नाही, तर ट्रान्सपाँडरवर ७६०० लावून मनोऱ्याकडे नजर ठेवावी. तेथून स्थिर हिरवा दिवा दिसला, म्हणजे उतरण्यास परवानगी.