शाळा पारखायला इंग्रजी यावं लागत नाही



शिमग्याच्या पालख्या अजून घरोघर फिरतायत, आणि रत्नागिरीतल्या शाळांचे प्रवेशाचे फलक कधीच लागलेत. ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं पोर आहे, त्यांच्याकडे सध्या एकच विषय: घालायचं कुठे? मुंबईहून दीर फोनवर सांगतात, "वहिनी, इंग्लिश मीडियमच बघा." शेजारीण म्हणते, "आमच्या शाळेची गाडी दारात येते." माहितीपत्रक इंग्रजीत असतं. मग आपल्यातल्या बऱ्याच जणी गप्प बसतात. "आम्ही सातवी शिकलेल्या, आम्हांला काय कळतंय त्यातलं!"

आज आम्ही एवढंच सांगणार आहोत, की कळतं. आंबा घेताना आपण पेटीवरचं नाव बघून घेत नाही, देठाजवळ वास घेतो, हाताने चाचपतो. शाळाही तशीच पारखायची असते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. खासगी शाळा सगळ्या सारख्या नसतात. काही अनुदानित असतात. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे पालकांवरचा बोजा कमी असतो, आणि आठवीपर्यंत पोषण आहारही मिळतो. काही स्वयंअर्थसहाय्यित असतात, म्हणजे शाळेचा सगळा खर्च आपल्या फीमधून. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की ही शाळा कुठल्या प्रकारची?

दुसरा प्रश्न मान्यतेचा. मान्यतेशिवाय शाळा चालवायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. प्रत्येक मान्य शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो, तो मागून घ्या. मान्यता कितवीपर्यंत आहे तेही विचारा. नर्सरी छान चाललीय, पण पहिलीची मान्यता "येणार आहे" असं उत्तर मिळालं, तर थांबा. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन खात्री करता येते.

तिसरा प्रश्न पोराच्या दिवसाचा. पावस, कोतवडे किंवा हातखंब्याहून शहरातल्या शाळेत जाणारं पोर किती वाजता उठणार, गाडीत किती वेळ बसणार, घरी येऊन कधी जेवणार? हा हिशेब मार्चमधल्या रस्त्याचा करू नका, जुलैतल्या रस्त्याचा करा. वहाळाला पाणी आलं की गाडी कुठे थांबते, पोराला कोण उतरवून घेतं, तेही विचारा. राज्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवा-उतरवायला मदतनीस लागतो, मुली असतील तर बाई मदतनीस. प्रत्येक शाळेत परिवहन समितीही असायला हवी. एका व्हॅनमध्ये दाटीवाटीने पंधरा पोरं कोंबलेली दिसली, तर फाटकावरची रंगरंगोटी बघायची गरजच नाही.

चौथा प्रश्न वर्गात काय चालतं याचा. शाळा सुरू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. एका वर्गात किती मुलं आहेत ते मोजा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. शिक्षिका किती वर्षं तिथे आहेत? दरवर्षी बाई बदलत असतील तर का? मुलं बोलतात, हसतात, की तोंडावर बोट ठेवून बसलीयत? मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणि त्यात पाणी आहे का?

तीन-चार वर्षांच्या पोराला पानंच्या पानं लिहायला देणारी शाळा हुशार आणि खेळवणारी शाळा कच्ची, असं समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला, आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या गावात, खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी उभी केली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं शिकवायचं साहित्य होतं. लहान पोर हाताने शिकतं आणि बोलता बोलता शिकतं. पेन्सिल धरायची ताकद बोटांत हळूहळू येते.

पाचवा प्रश्न भाषेचा. इंग्रजी यायला हवं, यात दुमत नाही. पण इंग्रजी येणं वेगळं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं. पोराला वही समजली नाही तर घरात समजावणारं कोण आहे, हे आपल्याला विचारा. कोणी नसेल तर पहिलीपासून शिकवणी लागते, म्हणजे एकाच शिक्षणाचे दोनदा पैसे. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी आणि पूर्ण इंग्रजी असे तिन्ही पर्याय आहेत. शाळा कुठलीही असो, 2020 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा आहे. मराठी बोललं म्हणून पोराला शिक्षा होते का, हे दाराशी उभ्या असलेल्या आयांना विचारा. त्या खरं सांगतील.

आता पैसा. फलकावरची फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. समजा, फी 18,000, गाडी महिन्याला 1,200 प्रमाणे दहा महिन्यांचे 12,000, पुस्तकं-गणवेश-बूट 6,000, सहल आणि स्नेहसंमेलन 2,500, शिकवणी 4,000. बेरीज 42,500. म्हणजे बारा महिने दरमहा साडेतीन हजारांच्या वर. आणि हे पहिलं वर्ष झालं. पोर दहावी होईपर्यंत ते झेपेल का? धाकटं शाळेत जाईल तेव्हा? गटाचं कर्ज काढून पहिली फी भरता येते, पण दरवर्षीची फी कर्जावर चालत नाही. हप्ते कधी ते विचारा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि शाळा भरते जूनच्या मध्यावर. मिरकरवाड्यातल्या घरात तेव्हा पैसा कुठून येणार? हप्ता पुढे मिळत असेल तर तसं लेखी घ्या.

देणगी मागितली तर लक्षात ठेवा, प्रवेशासाठी देणगी घेणं हा गुन्हा आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घ्यायलाही मनाई आहे. 2011 च्या शुल्क कायद्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, आणि त्याच्या कार्यकारी समितीत निम्म्या बायका. फी याच समितीपुढे मंजुरीला येते. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून नावं निघतात. आपलं नाव नक्की द्या.

विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत, आठवीपर्यंत फी नाही. जातीचा दाखला, किंवा वर्षाला 1 लाखापर्यंतचा उत्पन्नाचा दाखला, शिवाय रहिवासाचा पुरावा आणि जन्मदाखला लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, नंतर सोडत निघते. सरकारी शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा 2024 चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून दाखले आत्ताच काढून ठेवा.

आणि हेच सगळे प्रश्न आपल्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेलाही विचारा. कधी ती यात नापास होईल, कधी शहरातल्या दोन शाळांपेक्षा वर येईल. पण बघितल्याशिवाय तिला नावं ठेवू नका. एकेक पोर कमी होत गेलं की ती शाळाच बंद पडते, आणि मग ज्यांना गाडीभाडं परवडत नाही त्यांच्या पोरांना जवळची शाळाच उरत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवा. ज्यांची मुलं शाळेत जातायत त्या बोलतील, ज्यांची जायचीयत त्या ऐकतील. मग दोघी-तिघी मिळून शाळा बघायला जा. एकटीला दारावरून परत पाठवतात, तिघींना खुर्ची देतात. सुटायच्या वेळेला थोडा वेळ फाटकाशी थांबा आणि मुलं कशा चेहऱ्याने बाहेर पडतात ते बघा. ते वाचायला कुठलीच भाषा लागत नाही.